संवादिनीसाधक कै. गोविंदराव टेंबे

विद्येची तळमळ असलेला शिष्य आणि विद्या देण्यास समर्थ असा गुरू यांची गाठ पडणे हा आपल्याकडे पूर्वसंचिताचा योग मानला जातो. गायनविद्येत हा योग दुर्मिळ, वाद्यविद्येत त्याहून दुर्मिळ. आणि ज्या वाद्याला घराणे नाही, पिढीजात वादक नाहीत, त्या हार्मोनियमच्या बाबतीत तर गुरू शोधावयाचा तरी कोठे, असा प्रश्न एके काळी होता. देवळातील भजनापासून नाटकाच्या रंगमंचापर्यंत सर्वत्र पोहोचलेल्या या पेटीला महाराष्ट्रात स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा मिळवून देणारे अग्रणी म्हणून कै. गोविंदराव टेंबे यांचे नाव घेतले जाते. आयुष्यात त्यांना पेटीचा असा गुरू लाभला नाही. तरीही ते निगुरे राहिले नाहीत. हे कसे घडले, याचा विचार खानापूर-नंदगडसारख्या ठिकाणी मुलांना वाद्य शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक पालकास उद्बोधक वाटेल, अशा भावनेने त्यांचे अल्पचरित्र येथे सादर करीत आहोत.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी करवीर संस्थानात झाला. त्यांचे बालपण व तारुण्य कोल्हापूरच्या वातावरणात गेले. तो काळ दक्षिण महाराष्ट्रात मोठ्या स्थित्यंतराचा होता. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे सुपुत्र अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे नवे युग सुरू केले होते. त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत पुण्याहून मिरज, बेळगाव, खानापूर, लोंढा असा लोहमार्ग तयार झाला आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी धावू लागली. घाट चढून येणाऱ्या गोव्याच्या मालाची उतारपेठ असलेल्या आपल्या नंदगडाला खानापूरचे स्थानक जवळचे. ज्या गाडीने व्यापारी जात येत, त्याच गाडीने नाटक मंडळ्या, गवई आणि त्यांचे साथीदारही गावोगाव फिरू लागले. गाणे दरबारातून बाहेर पडून सामान्य जनांच्या कानी येऊ लागले, ते याच सुमारास.

गाण्याबरोबर पेटीही आली. हे वाद्य मूळचे युरोपातील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये त्याला आकार आला आणि तेथून ते हिंदुस्थानात पोहोचले. प्रथम पायाने भाता मारावयाची पेटी होती. पुढे मांडी घालून बसणाऱ्या आपल्या वादकास सोयीची हातपेटी कलकत्त्यास तयार होऊ लागली. सारंगी जुळविण्यास वेळ लागे, शिकण्यास वर्षे लागत. पेटी उघडली की सूर तयार. त्यामुळे नाटक मंडळ्यांनी, कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी तिचा पाहता पाहता स्वीकार केला.

परंतु ही सुलभता हाच तिचा दोषही होता. तिचे सूर ठरलेले, सप्तकात बाराच. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. रागाप्रमाणे किंचित चढणारे वा उतरणारे गंधार-निषाद तिला दाखविता येत नाहीत. म्हणून जाणकार तिला परके वाद्य समजत. बीन, सतार, सारंगी, पखवाज, तबला या वाद्यांना खानदानी उस्ताद होते, शिकविण्याची ठरलेली रीत होती. पेटीला यांपैकी काहीच नव्हते. नाटकातील पदे बोटांवर बसवून देणारे पेटीवाले पुष्कळ मिळत; राग कसा उलगडावा हे पेटीवर शिकविणारा मिळणे कठीण होते. ग्वाल्हेरचे भय्यासाहेब गणपतराव यांनी ठुमरीच्या अंगाने पेटीवादनाला कीर्ती मिळवून दिली होती खरी, पण ग्वाल्हेर कोल्हापूरपासून फार दूर.

अशा स्थितीत गोविंदरावांनी पेटी हाती घेतली ती मुख्यतः स्वतःच्या बुद्धीने व श्रमाने. बोटांची तयारी त्यांनी स्वतःच करून घेतली. मात्र बोटांनी काय वाजवावे, हे एकट्याने बसून कळत नसते. ते कळण्यासाठी कान घडावा लागतो. गोविंदरावांचा कान घडला तो कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबात. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत रसिक मंडळी एकत्र जमत, गुणी कलावंतांच्या बैठकी होत. शास्त्रोक्त संगीताच्या प्रांतात आपला प्रवेश झाला तो देवल क्लबामुळे, हे ऋण गोविंदरावांनी पुढे मुक्तकंठाने मान्य केले. तेथे त्यांना विद्या कोणी पाठ म्हणून दिली नाही. तेथे उत्तम तेच वारंवार कानी पडत गेले आणि चांगले कोणते व सामान्य कोणते हे ओळखण्याची दृष्टी आली. वाद्य शिकणाऱ्यास ही पहिली दीक्षाच होय.

दुसरी दीक्षा मिळाली ती गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या सहवासात. भास्करबुवांचे स्वतःचे चरित्र म्हणजे गुरुशोधाचा एक अध्यायच आहे. लहानपणी ते किर्लोस्कर मंडळीत नट होते. वयानुसार आवाज फुटला तेव्हा ते रंगभूमी सोडून गाण्याच्या शोधात निघाले. प्रथम बडोद्याचे फैजमहंमदखाँ, त्यानंतर आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ आणि अखेरीस अल्लादियाखाँ, अशा तीन थोर गुरूंकडून त्यांनी विद्या घेतली. काही काळ धारवाडच्या शिक्षक महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले असल्याने आपल्या भागाशीही त्यांचे नाते होते. जो स्वतः दारोदार विद्या मागत हिंडला, त्याला शिष्याची तळमळ वेगळी सांगावी लागत नाही.

गोविंदराव भास्करबुवांच्या बैठकीत पेटीची साथ करू लागले. साथ करणे म्हणजे गवयाच्या मागे सूर धरून बसणे, एवढीच अनेकांची समजूत असते. वास्तविक उत्तम गवयाची साथ ही सर्वांत कठोर शाळा आहे. गवई पुढे कोठे जाणार हे आधी ठाऊक नसते; तो गेला की क्षणार्धात त्याच वाटेने जावे लागते. त्याने श्वास घेतला तर ती जागा भरावयाची, पण त्याच्या पुढे धावावयाचे नाही. समेवर त्याच्याबरोबर यावयाचे, पण आपले अस्तित्व जाणवू द्यावयाचे नाही. असा साथीदार बंदिशीची ठेवण, आलापाची क्रमवार बढत, लयीचे वजन आणि रागाची वर्ज्यावर्ज्य स्थळे आपोआप आत्मसात करीत जातो. गोविंदरावांनी पेटीवर गायकी आणली असे म्हणतात, तिचे मूळ या साथीत आहे. त्यांनी पेटीची विद्या पेटीवाल्याकडे न मागता गवयाकडे मागितली आणि गवयाने ती हातचे न राखता दिली.

तिसरे आणि सर्वांत उंच स्थान होते गानसम्राट अल्लादियाखाँ यांचे. १८९५ च्या सुमारास खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास आले, तेव्हा गोविंदराव चौदा वर्षांचे होते. महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, खाँसाहेबांचे वास्तव्य प्रामुख्याने तेथेच होते. अप्रचलित व जोडरागांवरील त्यांचे प्रभुत्व, तानेची गुंतागुंतीची वीण आणि विद्या देण्याबाबतचा त्यांचा काटेकोरपणा प्रसिद्ध आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडे काही काळ शिक्षण घेतले होते. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा आदींकडे विद्या घेऊन अखेरीस १९२० नंतर त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. इच्छिलेला गुरू मिळण्यास इतकी वर्षे जावी लागत. गोविंदरावांचे खाँसाहेबांशी गंडाबंधन कधीच झाले नाही. परंतु सतत श्रवण, निकट सहवास आणि चिंतन यांच्या बळावर त्यांनी त्या गायकीचे मर्म आपलेसे केले. गंडा बांधला नाही म्हणून श्रद्धा उणावली नाही, हे त्यांनी उत्तर आयुष्यात खाँसाहेबांचे चरित्र लिहून दाखवून दिले.

या तिहेरी संस्कारांनंतर गोविंदरावांनी साथ सोडली व ते स्वतंत्र पेटीवादन करू लागले. साथीदाराच्या जागेवरून उठून बैठकीच्या मध्यभागी पेटी ठेवणे हे त्या काळी धाडसच होते. ज्या वाद्यात मींड नाही, त्यातून गायकीचा भास निर्माण करावयाचा तर दोन सुरांतील जोड, भात्याचा दाब आणि बोटांचे हलकेपण यांवर विलक्षण ताबा हवा. वाद्याचा दोष झाकावयास त्यांनी केवळ वेगाचा आधार घेतला नाही, म्हणूनच गवयांच्या मेळ्यातही त्यांच्या पेटीला मान मिळाला.

त्यांच्या कर्तृत्वाचे इतर पैलू सर्वश्रुत असल्याने संक्षेपाने सांगतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने १९११ साली रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना गोविंदरावांनी चाली दिल्या. पूरबकडील ठुमरी, कजरी यांसारख्या प्रकारांचा रंग त्यांनी मराठी नाट्यपदांत आणला आणि नाटकाचा संगीतकार ही स्वतंत्र योग्यतेची व्यक्ती असते, हे येथपासून मान्य झाले. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक झाले. १९१५ मध्ये त्यातून बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ साली कोल्हापुरातील प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास त्यांनी संगीत दिले व त्यात राजा हरिश्चंद्राची भूमिकाही केली. लेखक म्हणूनही त्यांची योग्यता मोठी होती. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा संगीत-व्यासंग’ या ग्रंथात त्यांनी आपल्या श्रवणाचा, साधनेचा व गुणीजनांच्या सहवासाचा वृत्तांत दिला. ज्याला स्वतःला पेटीचा गुरू मिळाला नाही, त्याने मागून येणाऱ्यांसाठी आपली वाटचाल अशी लिहून ठेवावी, यात त्याचे मोठेपण आहे.

त्यांच्या उत्तरायुष्यात पेटीवर एक मोठा आघात झाला. १९४० साली नभोवाणीने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम बंद केली. ठरलेल्या बारा सुरांचे परकीय वाद्य भारतीय संगीताला बाधक आहे, हा आक्षेप त्यामागे होता. ही बंदी शिथिल होण्यास १९७१ चा सुमार उजाडला. गोविंदरावांचे निधन ९ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी झाले. म्हणजे ज्या वाद्याला त्यांनी आयुष्यभर प्रतिष्ठा मिळवून दिली, त्याच्यावरील बहिष्कार उठलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. तरीही त्या एकतीस वर्षांत बैठकीतून, नाटकातून, कीर्तनातून व देवळातून पेटी हटली नाही. यामागे गोविंदरावांसारख्यांनी लोकांच्या कानांवर केलेले संस्कार होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या चरित्रावरून गुरू नसला तरी चालतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गोविंदरावांची बुद्धी असामान्य होती आणि त्यांच्या गावी साक्षात अल्लादियाखाँ राहत होते. सामान्य मुलाला बोटे कशी ठेवावीत, भाता कसा हलवावा, बैठक कशी असावी हे दाखविणारा शिक्षक हवाच. पहिल्या वर्षी बसलेली वाईट सवय पुढे दहा वर्षे जात नाही. परंतु तो शिक्षक निवडताना तो किती पदे बसवून देतो हे न पाहता त्याला गाणे किती कळते हे पाहावे. ज्या शिक्षकाला एखादी बंदिश स्वतः गुणगुणून समजावता येते, तो पेटीचा चांगला शिक्षक होण्याचा संभव अधिक. आणि असा शिक्षक गावात नसेल व मुलाला आठवड्यातून एकदा बेळगावास न्यावे लागत असेल, तर उरलेल्या सहा दिवसांत त्याच्या कानी काय पडते यावर त्याची प्रगती अवलंबून राहील.

येथेच आपल्यासारख्या देवस्थानांचे व समाजाचे कर्तव्य सुरू होते. कोल्हापूरच्या रसिकांनी क्लब चालविला म्हणून एका होतकरू मुलाचा कान घडला. उत्सवाच्या निमित्ताने आपण वर्षातून दोन-चार तरी उत्तम गायन-वादनाच्या बैठकी केल्या, त्यांत मुलांना पुढच्या रांगेत बसविले आणि भजनाच्या वेळी शिकाऊ मुलाला जाणत्या पेटीवाल्याशेजारी जागा दिली, तर गावाने त्या मुलाला अर्धा गुरू दिल्यासारखे होईल. उरलेला अर्धा गुरू त्याची तळमळ त्याला शोधून देईल.

संवादिनीला आपले आयुष्य वाहिलेल्या या थोर साधकाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.