ग्रेस हॉपर: कंपायलर लिहिणाऱ्या ॲडमिरल आणि पहिल्या ‘मॅन ऑफ द इयर’

तुम्ही फोनवर कुठलंही ॲप उघडता, तेव्हा त्यामागे कुणीतरी माणसाला वाचता येईल अशा भाषेत कोड लिहिलेला असतो आणि दुसऱ्या एका प्रोग्रामने तो मशीनच्या भाषेत बदलून दिलेला असतो. त्या दुसऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. ही कल्पना ज्यांनी लोकांच्या गळी उतरवली, त्या ग्रेस हॉपर यांना १९६९ मध्ये अमेरिकेतल्या डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनने एक पुरस्कार दिला. पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष. नाव होतं ‘मॅन ऑफ द इयर’.

हो, मॅन. आणि मिळाला बाईंना. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही, कारण शेवटी निवड त्यांचीच केली ना! पण कम्प्युटरमधला मोठा माणूस म्हणजे पुरुष, हे इतकं गृहीत धरलेलं होतं की नाव ठेवताना कुणी अडखळलंसुद्धा नाही.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली होती. पुढे व्हॅसर कॉलेजातून गणित आणि फिजिक्स, १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, आणि व्हॅसरमध्येच प्राध्यापकी. हॉपर हे नवऱ्याकडचं आडनाव. १९४५ मध्ये घटस्फोट झाला, आडनाव राहिलं.

दुसरं महायुद्ध पेटल्यावर त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त, वजन नियमापेक्षा साधारण १५ पौंड कमी, वर गणिताची प्राध्यापक म्हणजे मागेच राहून शिकवणं जास्त गरजेचं. तरीही सवलत मिळवून १९४३ च्या अखेरीस त्या महिलांच्या राखीव दलात भरती झाल्या. १९४४ मध्ये नेमणूक झाली हार्वर्डमध्ये, हॉवर्ड एकन यांच्या ‘मार्क वन’ मशीनवर. ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे पाच टनांचं हे धूड. हॉपर पुढे मजेने सांगत की, एक म्हातारी मास्तरीणबाई येणार आहे हे कळल्यावर तिच्या शेजारचं टेबल आपल्याला नको म्हणून तिथले तरुण अधिकारी आधीच एकमेकांना लाच देत होते. ‘म्हातारी’ तेव्हा ३७ वर्षांची होती! पुढे त्याच मशीनचं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल बहुतांशी त्यांनीच लिहिलं.

इथे थोडं थांबूया. ‘कम्प्युटर’ हा शब्द त्या काळी यंत्रासाठी नव्हे, तर पदासाठी वापरत. दिवसभर आकडेमोड करणारी व्यक्ती म्हणजे कम्प्युटर, आणि युद्धाच्या काळात त्यात बहुतेक बायकाच असायच्या. यंत्र बनवणं हे पुरुषांचं, हुशारीचं काम. त्याला सूचना देणं, म्हणजे आजचं कोडिंग, हे जवळजवळ कारकुनी समजलं जायचं. १९४६ मध्ये एनिॲक हा कम्प्युटर जगासमोर आला, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग करणाऱ्या सहा जणींचं नाव कुणी घेतलं नाही. पुढे सॉफ्टवेअरला पैसा आणि मान आला, आणि तेच काम हळूहळू पुरुषांचं ठरलं. पदाचं लिंग पगाराबरोबर कसं बदलतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

१९४९ मध्ये हॉपर एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. प्रोग्रामर मंडळी तेच तेच कोडचे तुकडे वहीतून उतरवून काढत, आणि उतरवताना चुका होत. हॉपर यांनी प्रत्येक तुकड्याला एक नंबर दिला आणि सगळे तुकडे टेपवर ठेवले. आता फक्त नंबर लिहायचे, बाकी जोडाजोड मशीनच करणार. १९५२ चा हा ‘ए-झिरो’. आजच्या हिशोबाने बघितलं तर तो लिंकर-लोडरच्या जास्त जवळचा वाटतो, पण कंपायलर हे नाव त्यांनी यालाच दिलं. कम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असं लोक त्यांना ऐकवत राहिले.

त्यांनी पुढची उडी मारली ती ‘फ्लो-मॅटिक’मध्ये. त्यात कमांड चक्क इंग्रजी शब्दांत होत्या. डेमोच्या वेळी त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला, तर साहेब लोक घाबरले की अमेरिकन मशीन परकी भाषा कशी बोलायला लागली! १९५९ मध्ये कोबोलची आखणी सुरू झाली, तेव्हा फ्लो-मॅटिकचा मोठा आधार घेतला गेला. कोबोल एका समितीने घडवलं, हॉपर तिच्या सल्लागार होत्या. आजही अनेक बँकांचे व्यवहार कोबोलवर चालतात.

या कामामुळे त्यांना लाडाने ‘ग्रँडमा कोबोल’ म्हणायचे. मला हे नाव जरा खटकतं. पुरुषाला एखाद्या भाषेचा ‘फादर’ म्हटलं की डोळ्यासमोर शोध लावणारा येतो, ग्रँडमा म्हटलं की डब्यातून लाडू काढून देणारी आजी.

नौदलातला त्यांचा प्रवास तर वेगळाच. १९६६ मध्ये कमांडर म्हणून निवृत्त केलं, १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, आणि ते सहा महिने १९ वर्षं चालले. १९७३ ला कॅप्टन, १९८३ ला कमोडोर, १९८५ ला रिअर ॲडमिरल. १९८६ मध्ये ७९ व्या वर्षी निवृत्त झाल्या, तेव्हा सेवेत असलेल्या नौदल अधिकाऱ्यांमध्ये वयाने सगळ्यात मोठ्या त्याच होत्या.

गंमत म्हणजे हॉपर स्वतः या भेदभावाच्या चर्चेत फार पडत नसत. तो शोधायला आपल्याला वेळच मिळाला नाही, अशा अर्थाचं त्या सांगत आणि स्त्रीमुक्तीवाल्यांची नाराजी ओढवून घेत. मला हे उत्तर पुरत नाही. मी बॅकएंडचं काम करते. एका जुन्या नोकरीत क्लायंटच्या कॉलवर मी बोलायला लागले की समोरून विचारणा व्हायची, तुमचा टेक्निकल माणूस कधी जॉइन होणार? मला तो शोधावा लागला नाही, तोच कॉलवर यायचा.

मराठीत तर क्रियापदातच सगळं उघडं पडतं. एका भाषांतर ॲपमध्ये मी इंग्रजीतून टाकलं की ॲडमिरल ७९ व्या वर्षी निवृत्त. उत्तर आलं, ‘झाले’. तेच नर्सचं वाक्य टाकलं तर ‘झाल्या’. ॲपला लिंग कुणी सांगितलेलं नव्हतं, आपण आजवर लिहिलेल्या मजकुरातून ते असंच शिकलंय. आणि यंत्रालाच कशाला बोल लावायचा? २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा ‘पती’ या शब्दावरून आपल्याकडे केवढी चर्चा रंगली होती.

निवृत्तीनंतरही हॉपर घरी बसल्या नाहीत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या सल्लागार म्हणून त्या युनिफॉर्म घालून व्याख्यानं देत फिरायच्या आणि ऐकणाऱ्यांना ११.८ इंचांचे तारेचे तुकडे वाटायच्या. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त तेवढंच अंतर कापू शकते, हे हातात धरून कळावं म्हणून. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या, त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं. ‘यूएसएस हॉपर’ ही विनाशिका १९९७ पासून नौदलात आहे.