गलबत गेले, माणूस राहिला

समुद्र मी आजवर एकदाच पाहिला आहे, तोही दोन दिवस. आमच्या कौंडण्यपूरला वर्धा नदी आहे. श्रावणात ती फुगली म्हणजे पलीकडचा काठ धूसर होतो, आणि समुद्र म्हणजे याहून थोडासा मोठा पूर असेल अशी माझी लहानपणची समजूत होती. गेल्या वर्षी महाविद्यालयाची सहल गोव्याला गेली तेव्हा ती समजूत मोडली. पण या लेखाचा विषय समुद्र नाही. जुन्या गोव्यातली चर्चे पाहून आम्ही मंगेशीला निघालो, तेव्हा वाटेत एक पूल लागला. खाली संथ, हिरवट पाणी होते. इतिहासाच्या सरांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितले की हे बाणस्तारी, येथे आल्बुकर्काने आपल्याच माणसांची नाके कापली. बस पुढे गेली. पुढच्या बाकांवर गाण्याच्या भेंड्या ऐन रंगात आल्या होत्या, त्यामुळे ते बहुधा मी एकट्यानेच ऐकले.

परत आल्यावर ग्रंथालयात शोध केला. इंग्रजी पुस्तके शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आणि अडले तेथे सरांना विचारले. त्यातून जो माणूस हाती लागला त्याचे नाव फर्नांव लोपिश. आपल्याकडे हे नाव कोणाला ठाऊक नाही, पण दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाचा इतिहास या माणसापासून सुरू होतो. त्या बेटावर पुढे १८१५ साली नेपोलियनला नेऊन ठेवले आणि १८२१ साली तो तेथेच वारला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्याआधी तीनशे वर्षे एक माणूस तेथे आपणहून राहिला होता आणि तो गोव्याहून गेला होता, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

लोपिश जातीचा खलाशी नव्हे. पोर्तुगालचा शिपाईगडी, बऱ्या घराण्यातला. आल्बुकर्काच्या आरमाराबरोबर तो हिंदुस्थानात आला. १५१० साली आल्बुकर्काने गोवा घेतले, दोन-तीन महिन्यांत ते गमावले आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतले. पुढच्या वर्षी तो मलाक्का जिंकायला निघून गेला आणि गोवा राखायला मोजकी माणसे ठेवून गेला. त्या माणसांची अवस्था काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला. घरापासून सहा महिन्यांचा समुद्र, वर मुसळधार पाऊस, समोर आदिलशहाची फौज, आणि सेनापती परत येईल की नाही याचा भरवसा नाही. त्यांतले काहीजण पलीकडे गेले. लोपिशही गेला. आदिलशहाचा सरदार रसूलखान बाणस्तारीच्या कोटात होता, त्याच्या चाकरीत तो राहिला. धर्म बदलला आणि तिकडचीच बायको केली. याला फितुरी म्हणावे लागेल. मी त्याची वकिली करीत नाही.

१५१२ साली आल्बुकर्क परतला आणि त्याने बाणस्तारीला वेढा घातला. रसूलखानाने शरणागती पत्करली, पण फितूर पोर्तुगीजांना स्वाधीन करताना त्यांचा जीव घेणार नाही असे वचन त्याने मागून घेतले. आल्बुकर्काने वचन पाळले. जीव घेतला नाही. त्यांची नाके आणि कान कापले, उजवा हात तोडला, डाव्या हाताचा अंगठा काढला, डोक्याचे आणि दाढीचे केस उपटले. त्यांतले बरेच जण जखमांनी मेले. वचन अशा रीतीने पाळता येते हे वाचून मला दोन दिवस दुसरे काही सुचले नाही. आल्बुकर्काला इतिहासात थोर म्हणतात, तो असेलही.

लोपिश जगला. तीन वर्षे गोव्याच्या रस्त्यांवरून तो तसा वावरला असणार. लोक तोंड फिरवीत असतील, नाहीतर पोरे मागे लागत असतील. डिसेंबर १५१५ मध्ये आल्बुकर्क गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी गलबतावरच वारला. त्यानंतर लोपिशला मायदेशी जाण्याची वाट मोकळी झाली आणि तो एका गलबतावर चढला.

त्या काळच्या या प्रवासाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गोव्याहून लिस्बनला जाणारी गलबते आफ्रिकेला वळसा घालून जात. महिनोन् महिने जमीन दिसत नसे. पिंपातले पाणी नासे, हिरड्या सुजून दात हलत, माणसे पटापट मरत. अशा वाटेवर १५०२ साली पोर्तुगीजांना सेंट हेलेना सापडले. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हे बेट सुमारे एकोणीसशे किलोमीटर दूर. क्षेत्रफळ अवघे १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका तालुक्याचा एक कोपरा. माणसाची वस्ती नाही, पण गोड पाणी आणि झाडी भरपूर. तेथे गलबत थांबले की खलाशी सुटल्यासारखे किनाऱ्यावर उतरत. पाणी भरायचे, कपडे धुवायचे, पोटभर हिरवे खायचे आणि मातीवर आडवे व्हायचे. अशा उतरण्यात घोटाळे होणारच. कोणी वाट चुके, कोणी वेळेवर परत येत नसे. आजाऱ्यांना तर मुद्दामच ठेवून जात, वाचले तर पुढच्या वर्षीचे गलबत नेईल म्हणून.

लोपिशचे गलबत असेच पाण्यासाठी थांबले. तोही उतरला आणि रानात शिरला. निघायची वेळ झाली तरी परतला नाही. सोबत्यांनी हाका मारल्या, शोधले, पण तो सापडला नाही. घर आता जवळ येत होते आणि तेथे त्याची बायकामुले होती, असे हकिकतीत आहे. मला वाटते, गोव्याहून निघताना त्याला घरी जायचेच होते. वाट जसजशी संपत आली तसतसे त्याचे पाय मागे ओढू लागले असावेत. दाराशी उभे राहून तोंड दाखवायचे, आणि दाखवायला तोंडच उरलेले नाही.

गलबतवाल्यांनी त्याच्यासाठी किनाऱ्यावर एक पिंप भरून बिस्किटे ठेवली, वाळवलेले मांस आणि मासळी, मीठ, जुने कपडे, पेटता विस्तव ठेवला. एक चिठ्ठीही ठेवली की पुढचे गलबत आले तर खूण कर. आणि शिडे उभारून ते निघून गेले.

उजवा हात नाही, डाव्याला चारच बोटे. त्या बोटांनी त्याने दरडीत एक बीळ उकरले आणि रात्री तोंडाशी काटेरी झुडपे ओढून तो आत निजू लागला. दुसरे गलबत दिसले तसा तो दडून बसला. खलाशांनी बीळ पाहिले, गवताचे अंथरूण पाहिले, कोणीतरी राहते हे ओळखले. त्यांनी त्याच्या वस्तूंना हात लावला नाही, उलट आपल्याजवळचे आणखी ठेवले. ते निघाले तेव्हा गलबतावरचा एक कोंबडा समुद्रात पडला आणि लाटांनी त्याला काठावर आणून टाकले. लोपिशने तो उचलला, मागे ठेवलेल्या तांदळांतले दाणे घालून जगवला. दिवसभर कोंबडा त्याच्या मागेमागे हिंडे आणि रात्री त्याच बिळात झोपे. या कथेत मला सर्वांत खरा वाटला तो हा कोंबडा. कोंबड्याला नाक असलेला आणि नसलेला माणूस सारखाच.

पुढची दहा वर्षे तेच चालले. गलबत आले की तो रानात आणि गलबत गेले की काठावर. खलाशी त्याला पाहत नसत, पण त्याच्यासाठी ठेवल्यावाचून जात नसत. आपल्याकडे घाट चढण्याआधी गाडीवान देवाला नारळ ठेवतो, तसेच काहीसे ते झाले असावे. कोणी बी-बियाणे ठेवले, कोणी रोपे, कोणी कोंबड्या, बदके, डुकरे, शेळ्या. त्या एकहाती माणसाने हे सारे लावले, वाढवले. ओसाड बेटावर डाळिंबे, भोपळे आणि माड उभे राहिले, आणि त्यांचा उपयोग पुन्हा हिरड्या सुजून येणाऱ्या खलाशांनाच झाला. जावा बेटाकडचा एक गुलाम पोरगा गलबतावरून पळून त्याच्यापाशी राहिला आणि शेवटी त्यानेच लोपिशची लपण्याची जागा दाखवली, असेही सांगतात. लोपिश समोर आला तेव्हा कप्तानाने त्याला जबरदस्तीने न नेण्याचा शब्द दिला. हाही एक शब्दच, पण सरळ अर्थाने पाळलेला.

एव्हाना त्याची कथा त्याच्याआधीच लिस्बनला पोहोचली होती. किनाऱ्यावर उतरून चुकलेला माणूस बंदरातल्या गप्पांत तपस्वी झाला होता. राजा तिसरा जॉन याने त्याला बोलावून घेतले. तो गेला आणि राजाराणीला भेटला. तेथून रोमला जाऊन त्याने पोपसमोर आपल्या पापांची कबुली दिली आणि क्षमा मिळवली. धर्मत्यागाचे ओझे उतरले. राजाने पोर्तुगालातच राहण्याची सोय देऊ केली होती, परंतु त्याने मागितले ते एवढेच की मला माझ्या बेटावर परत पाठवा. तो परतला आणि १५४५ च्या सुमारास तेथेच वारला. मधला हा प्रवास सोडला तर जवळपास तीस वर्षे तो त्या बेटावर राहिला.

हे सारे लिहून ठेवले ते गास्पार कुरैया याने. हा आल्बुकर्काचा लेखनिक होता, १५१२ मध्येच हिंदुस्थानात आला होता. त्याच्या ग्रंथाचे नाव ‘लेन्दाश दा इंडिया’ आणि या ‘लेन्दा’ शब्दाचा अर्थ हकिकतही होतो आणि दंतकथाही. ग्रंथ छापला गेला तो तीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात. मधल्या काळात अलेक्झांडर सेलकर्क नावाचा दुसरा खलाशी कप्तानाशी भांडून १७०४ मध्ये पॅसिफिकमधल्या एका बेटावर उतरला, १७०९ पर्यंत तेथे अडकला आणि त्याच्यावरून ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिली गेली असे मानतात. तो जगप्रसिद्ध झाला. आमचा लोपिश दोनशे वर्षे आधीचा, आणि सेलकर्क चार-साडेचार वर्षांत सुटका झाल्यावर घरी गेला हेही ध्यानात घ्यावे.

दंतकथा कशी तयार होते हे मी कौंडण्यपूरचा असल्याने मला वेगळे शिकावे लागले नाही. आमचे गाव रुक्मिणीचे माहेर. अंबिकेच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला रथात घातले ती वाट लहान पोरही दाखवते. डॉ. मो. गं. दीक्षितांनी आमच्या गावी उत्खनन केले तेव्हा खापरे निघाली, मणी निघाले, त्यांत रथाचे चाक काही नव्हते. गावाला त्याचे काहीच वाटले नाही. मीही आधी हसत असे. लोपिश वाचल्यापासून मी हसत नाही, आणि त्याचे कारण घरचे आहे.

माझे धाकटे काका शंकरपटाचे शौकीन होते. मी सात वर्षांचा असताना त्यांनी आजोबांची बैलजोडी पटाच्या पैजेत घालवली. पेरणी तोंडावर आलेली. आजोबा काही बोलले नाहीत, बोलले असते तर बरे झाले असते. त्या आषाढात काका गावच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेले. परतायच्या दिवशी दिंडी गोळा झाली, गाडी उभी राहिली, हाका मारल्या, पण काका आले नाहीत. दोन दिवस शोधून माणसे परत आली. आता गावात कोणी सांगते की ते आळंदीला दिसले, दाढी छातीपर्यंत आली आहे. कोणी म्हणते, देहूला तुळशीच्या माळा विकतात. कोणी सांगते की त्यांना वाचासिद्धी झाली. बैलजोडीचे नाव आता कोणी काढत नाही. ती गोष्टीतून गळून गेली, लोपिशची फितुरी गळून गेली तशी.

बाबांना हे साधुपण आवडत नाही. ते म्हणतात, जोडी गेली तर गेली, त्याने घरी यायचे होते. आजी यावर काहीच बोलत नाही. दरवर्षी पालखी निघायच्या आदल्या रात्री ती शेंगदाण्याचे लाडू, मिठाच्या दोन पुड्या आणि एक धुतलेले धोतर एका फडक्यात बांधते आणि दिंडीतल्या म्हाताऱ्या विणेकऱ्याजवळ देते. मुक्कामाच्या जागी भिंतीशी ते गाठोडे ठेवायचे आणि मागे वळून पाहायचे नाही, असे तिने त्याला सांगून ठेवले आहे. गाठोडे आजवर कधी परत आलेले नाही. या वर्षी ते बांधताना मी शेजारी बसलो होतो. तिने विचारले म्हणून लोपिशची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकून घेतली, कोंबड्याचे दोनदा विचारले, आणि उठून लाडवांबरोबर मूठभर तांदूळही बांधले.