जिनो बार्ताली

जिनो बार्ताली (जन्म : १८ जुलै १९१४, पोन्ते आ एमा, इटली, मृत्यू : ५ मे २०००, फ्लॉरेन्स) हे इटलीचे विख्यात सायकलपटू होते. त्यांनी ‘जिरो दि’तालिया’ ही इटलीची राष्ट्रीय शर्यत तीन वेळा (१९३६, १९३७ व १९४६) आणि ‘टूर डी फ्रान्स’ दोन वेळा (१९३८ व १९४८) जिंकली. त्यांच्या हयातीत जगाने त्यांना ओळखले ते या विजयांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ज्यू निर्वासितांना वाचविणाऱ्या एका गुप्त जाळ्यासाठी सायकलवरून कागदपत्रे पोहोचविली, ही हकिकत मात्र त्यांच्या मृत्यूनंतरच, मुख्यत्वे त्यांचे पुत्र आंद्रेआ यांच्यामुळे सर्वांसमोर आली.

बालपण आणि घर

फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस असलेल्या पोन्ते आ एमा या लहानशा गावी एका कष्टकरी कुटुंबात बार्ताली यांचा जन्म झाला. वडील तोरेल्लो मोलमजुरी करीत. घरची स्थिती बेताची असल्याने जिनो शाळकरी वयातच गावातील सायकलदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले आणि तेथेच त्यांना शर्यतींचा नाद लागला. धाकटा भाऊ जूलिओ हाही उत्तम सायकलपटू होता.

तोरेल्लो ज्यांच्याकडे काम करीत, ते बांधकाम व्यावसायिक आणि समाजवादी नेते गाएतानो पिलाती यांची १९२५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये फासिस्टांनी हत्या केली. जिनो तेव्हा अकरा वर्षांचे होते. राजकारणाविषयी तोंड उघडणे जिवावर बेतू शकते, हा धडा त्या घराने तेव्हाच घेतला. पुढील आयुष्यात बार्ताली यांनी जे दीर्घ मौन पाळले, त्याचे एक मूळ या घटनेत शोधावे लागते.

पहिले यश

१९३५ मध्ये बार्ताली व्यावसायिक सायकलपटू झाले व पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘जिरो’ जिंकली. चढाच्या रस्त्यावर त्यांना मागे टाकणारा त्या काळी क्वचितच कोणी असे. ‘जिरो’मध्ये घाटांतील कामगिरीसाठीचे अग्रस्थान त्यांनी एकूण सात वेळा पटकाविले. परंतु या पहिल्या विजयाचा आनंद अल्पकाळच टिकला. १९३६ च्या जूनमध्येच एका शर्यतीत मोटारीची धडक बसून जूलिओ मरण पावला. भावाला या मार्गावर आपणच आणले ही बोच बार्ताली यांना लागून राहिली आणि त्यांनी खेळ सोडण्याचा विचार केला. ते सावरले ते धर्मश्रद्धेच्या आधाराने. मुळात श्रद्धाळू असलेले बार्ताली यानंतर कार्मेलाइट संप्रदायाचे गृहस्थ अनुयायी झाले. ‘धर्मनिष्ठ जिनो’ हे त्यांचे टोपणनाव या काळापासून रूढ झाले.

मुसोलिनीच्या राजवटीला इटालियन वंशाच्या श्रेष्ठत्वाचे प्रदर्शन करण्यासाठी खेळातील विजय हवे होते. १९३८ साली बार्ताली यांनी ‘जिरो’ सोडून ‘टूर’वरच लक्ष द्यावे, असा दबाव आणला गेला. बार्ताली यांनी ‘टूर’ जिंकली; परंतु विजयाचे श्रेय हुकूमशहाला अर्पण करण्याचा प्रघात त्यांनी पाळला नाही. योगायोग असा, की ते फ्रान्समध्ये शर्यत धावत असतानाच इटलीत वंशविषयक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ज्यूंना शाळा, नोकऱ्या आणि सार्वजनिक जीवन यांतून हुसकावणारे कायदेही झाले.

१९४० च्या ‘जिरो’मध्ये रस्त्यात आडव्या आलेल्या कुत्र्यामुळे बार्ताली पडले व जायबंदी झाले. ती शर्यत त्यांच्याच संघातील वीस वर्षांच्या फाउस्तो कोप्पी याने जिंकली. पुढे पंधरा वर्षे इटलीला दोन तटांत विभागणाऱ्या स्पर्धेचा हा प्रारंभ होय. त्याच वर्षी इटली युद्धात उतरला. बार्ताली यांना सैन्यात निरोप्याचे काम मिळाले आणि ते सायकलवरून करण्याची मुभाही मिळाली. नोव्हेंबरमध्ये त्यांचा विवाह आद्रियाना बानी यांच्याशी झाला. विवाहविधी फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी केला. हा परिचय पुढे महत्त्वाचा ठरला.

युद्धकाळातील कार्य

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा दोस्त राष्ट्रांशी झालेला शस्त्रसंधी जाहीर होताच जर्मन फौजांनी उत्तर व मध्य इटलीचा ताबा घेतला. ज्यूंवर तोवर निर्बंध होते. आता धरपकड आणि छळछावण्यांकडे पाठवणी सुरू झाली. फ्लॉरेन्समध्ये राब्बी नाथान कासूतो आणि कार्डिनल दाल्ला कोस्ता यांनी मिळून निर्वासितांना मठ, कॉन्व्हेंट आणि खासगी घरे यांतून लपविण्याची व्यवस्था उभी केली. डेलासेम ही ज्यूंची मदतसंस्था गुप्तपणे पैसा पुरवीत असे. कासूतो नोव्हेंबरमध्येच पकडले गेले आणि बंदिवासातच त्यांचा अंत झाला. काम मात्र थांबले नाही.

लपलेल्या माणसाला अन्नाइतकीच ओळखपत्राची गरज होती. त्यावाचून शिधापत्रिका मिळत नसे, प्रवास करता येत नसे आणि रस्त्यात अडविले तर सुटका नसे. असिसी येथे बिशप जुझेप्पे प्लाचिदो निकोलिनी यांच्या आश्रयाने आणि फादर रूफिनो निकाच्ची यांच्या देखरेखीखाली अशी बनावट ओळखपत्रे तयार होत. लुइजी ब्रिझी हे वयस्कर मुद्रक व त्यांचा मुलगा त्रेंतो आपल्या लहानशा छापखान्यात ती छापीत. ओळखपत्रांवर दक्षिण इटलीतील गावांची नावे घातली जात. तो भाग दोस्तांच्या ताब्यात गेलेला असल्याने जर्मनांना तेथील नोंदी पडताळता येत नसत.

अडचण होती ती छायाचित्रे असिसीला नेण्याची आणि तयार कागद परत आणण्याची. रस्त्यांवर ठिकठिकाणी तपासणी चाले. शर्यतींच्या सरावासाठी रोज शेकडो किलोमीटर सायकल चालविणाऱ्या बार्ताली यांच्यावर संशय येण्याचे कारण नव्हते. उपलब्ध हकिकतींनुसार ते कागदांच्या गुंडाळ्या सीटखालच्या नळीत व सायकलच्या चौकटीच्या पोकळ दांड्यांत भरीत, वर सीट घट्ट बसवीत आणि आपले नाव ठळकपणे लिहिलेली जर्सी घालून निघत. फ्लॉरेन्स ते असिसी हे अंतर एका बाजूने सुमारे १८० किलोमीटर आहे. तपासनाक्यावर शिपाई अडवीत, तेव्हा शर्यतीच्या गप्पा निघत. सायकलला कोणी हात लावू नये, तिचे सर्व भाग वेगासाठी नेमके जुळविलेले आहेत, अशी विनंती ते करीत आणि ती मानली जाई. पत्नीला ते केवळ सरावाला जात असल्याचे सांगत. तिला काही ठाऊक नसणे हेच तिचे संरक्षण होते.

याच काळात त्यांनी ओळखीच्या एका ज्यू कुटुंबाला फ्लॉरेन्समधील आपल्या मालकीच्या घराच्या तळघरात आसरा दिला. शहर मुक्त होईपर्यंत ते कुटुंब तेथे राहिले. या एका कृत्यासाठीही मृत्युदंड होऊ शकला असता. बार्ताली यांचा मुलगा आंद्रेआ तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांचा होता.

जुलै १९४४ मध्ये बार्ताली यांना ‘व्हिला त्रिस्ते’ येथे चौकशीसाठी नेण्यात आले. फ्लॉरेन्समधील या इमारतीत मारियो कारिता या फासिस्ट अधिकाऱ्याची टोळी कैद्यांचा अनन्वित छळ करीत असे. व्हॅटिकनहून आलेले, मदतीबद्दल आभार मानणारे एक पत्र त्यांच्या हाती पडले होते आणि ही मदत शस्त्रांची असावी असा त्यांचा तर्क होता. आपण गरिबांसाठी पीठ, साखर व कॉफी पाठविली, असे बार्ताली यांनी सांगितले. सैन्यातील दिवसांपासून त्यांना ओळखणाऱ्या एकाने त्यांच्या बाजूने शब्द टाकला आणि काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. ज्या कामासाठी त्यांना खरोखर शिक्षा झाली असती, त्याविषयी त्यांना विचारलेच गेले नाही. (मराठी वाचकांना हे जाणून घेणे आवडेल, की याच महिन्यात असिसीच्या वायव्येस, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.) ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स मुक्त झाले.

१९४८ ची ‘टूर’ आणि नंतर

ऐन उमेदीची पाच-सहा वर्षे युद्धाने गिळली होती. १९४८ मध्ये बार्ताली पुन्हा ‘टूर’मध्ये उतरले तेव्हा ते चौतिशीला टेकले होते. १४ जुलै रोजी रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मीरो तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि देशभर संप व दंगली उसळल्या. त्या दिवशी बार्ताली अग्रस्थानी असलेल्या लुईसाँ बोबे यांच्या वीस मिनिटांहून अधिक मागे होते. पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी यांनी त्या रात्री दूरध्वनी करून जिंकण्याची विनंती केली, असे ते पुढे सांगत. दुसऱ्या दिवसापासून आल्प्समधील सलग तीन टप्पे जिंकून त्यांनी पिवळी जर्सी मिळविली आणि अखेरीस २६ मिनिटांच्या फरकाने शर्यत जिंकली. दोन विजयांमध्ये दहा वर्षांचे अंतर हा ‘टूर’मधील विक्रम आहे. या विजयाने इटलीतील यादवी टळली हे लोकप्रिय विधान मात्र अतिशयोक्तीचे आहे. तोल्याती स्वतः वाचले आणि त्यांनी अनुयायांना शांत राहण्यास सांगितले, हे त्याहून मोठे कारण होते.

बार्ताली १९५४ मध्ये निवृत्त झाले.

मौन आणि उलगडा

युद्धातील कार्याविषयी बार्ताली यांनी जाहीरपणे कधी काही सांगितले नाही. १९७८ मध्ये अलेक्झांडर रामाती यांच्या असिसीविषयीच्या पुस्तकात, फादर निकाच्ची यांच्या आठवणींच्या आधारे, त्यांचा उल्लेख आला. १९८५ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. बार्ताली यांना ही प्रसिद्धी रुचली नाही. ज्यांनी प्राण वेचले, ज्यांचे घरदार गेले, तेच खरे वीर. आपण फक्त सायकल चालविली, अशी त्यांची भूमिका होती. आंद्रेआ यांना त्यांनी काही प्रसंग तुकड्यातुकड्यांनी सांगितले, परंतु कोठेही वाच्यता न करण्याचे वचन घेऊनच. योग्य वेळ येईल तेव्हा मुलाने बोलावे, एवढी सवलत त्यांनी ठेवली होती.

ती वेळ कोणती, हे ठरविणे वडिलांच्या निधनानंतर आंद्रेआ यांच्यावर आले. मौन सोडले तर वडिलांचा शब्द मोडतो आणि पाळले तर साक्षीदारांबरोबर सारेच संपते, असा हा पेच होता. पुस्तक, व्याख्याने व शाळांमधील भेटी यांतून त्यांनी ही हकिकत मांडली. पिसाचे जोर्जो निस्सिम यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांमुळे तोस्काना प्रांतातील जाळ्याची व्याप्तीही दरम्यान स्पष्ट झाली होती. राष्ट्राध्यक्ष कार्लो आझेल्यो चांपी यांनी बार्ताली यांना नागरी सेवेचे सुवर्णपदक मरणोत्तर प्रदान केले. पुढे ‘पाजिने एब्राइके’ या ज्यू नियतकालिकाने साक्षीदारांचा शोध घेतला. त्यातून तळघरात लपलेल्या कुटुंबातील, तेव्हा बालक असलेल्या व्यक्तीची साक्ष मिळाली. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने बार्ताली यांना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा सन्मान दिला.

मतभेद

सुवर्णपदकाच्या मानपत्रात सुमारे ८०० ज्यूंना वाचविल्याचा उल्लेख आहे. हा आकडा एकट्या बार्ताली यांच्या नावे मांडणे योग्य नाही. अनेक धर्मगुरू, जोगिणी, मुद्रक आणि स्वयंसेवक यांचे ते एकत्रित काम होते. इतिहासकार मिकेले सार्फात्ती यांनी असिसीच्या फेऱ्यांना समकालीन पुरावा नसल्याचे आणि रामाती यांच्या पुस्तकात कल्पनेचा अंश असल्याचे दाखविले. २०२१ मध्ये स्तेफानो पिवातो व मार्को पिवातो यांनी ही हकिकत रचलेली असल्याचे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. स्तेफानो पिवातो हे बार्ताली यांचे जुने अभ्यासक असल्याने या आक्षेपाला वजन आले. याद वाशेमने मात्र आपला निर्णय कायम ठेवला. आसऱ्याची साक्ष प्रत्यक्ष अनुभवलेल्या व्यक्तीची आहे; फेऱ्यांविषयीची माहिती बहुतांशी नंतरच्या सांगण्यावर आधारलेली आहे. हा फरक वाचकाने ध्यानात ठेवावा. गुप्त कामाचा कागद मागे ठेवणे त्या काळी इतरांच्या जिवाशी खेळण्यासारखे होते, हेही तितकेच खरे.

आंद्रेआ बार्ताली यांचे २०१७ मध्ये निधन झाले. पुढील वर्षी, ४ मे २०१८ रोजी, ‘जिरो दि’तालिया’ शर्यत प्रथमच युरोपबाहेर, जेरुसलेम येथून सुरू झाली. त्या निमित्ताने बार्ताली यांना इस्रायलचे मरणोत्तर मानद नागरिकत्व देण्यात आले. पोन्ते आ एमा येथे त्यांच्या नावाचे सायकल-संग्रहालय आहे.