भूकंपाच्या नोंदींना वाचा देणारे रिचर्ड ओल्डहॅम

नवी दिल्ली : रामकृष्ण पुरम येथील सेवा भवनात केंद्रीय जल आयोगाचे मुख्यालय आहे. मोठे धरण भूकंपात तग धरेल का, हे ठरविताना त्या परिसरातील भ्रंश आणि जुन्या भूकंपांच्या नोंदी निर्णायक ठरतात. अशा नोंदींच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया भारतात घालणाऱ्यांत रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम अग्रणी होते.

डब्लिन येथे ३१ जुलै १८५८ रोजी जन्मलेले ओल्डहॅम १८७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम या विभागाचे पहिले प्रमुख होते. वडिलांनी संकलित केलेली भारतीय भूकंपांची सूची पुत्राने संपादित करून १८८३ मध्ये प्रसिद्ध केली.

१२ जून १८९७ रोजी आसाम हादरला. शिलाँगमधील दगडी इमारती जमीनदोस्त झाल्या आणि सुमारे दीड हजार लोक मृत्युमुखी पडले. चेद्रंग नदीच्या खोऱ्यात भ्रंशाच्या एका बाजूची जमीन दहा मीटरहून अधिक उंचावल्याची नोंद ओल्डहॅम यांनी केली. भूकंपानंतर टेकड्यांची त्रिकोणमितीय फेरमोजणीही झाली. त्यांचा सविस्तर अहवाल १८९९ मध्ये प्रकाशित झाला.

युरोपातील भूकंपलेखकांनी टिपलेले आलेख अभ्यासून १९०० मध्ये त्यांनी प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय असे तरंगांचे तीन प्रकार वेगळे ओळखले. याच तरंगांच्या प्रवासकाळावरून १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचे दाखविले.

या तरंगांचा उपयोग पुढे अधिक व्यापक झाला. पहिला धक्का कोणत्या केंद्रावर बाहेर ढकलणारा आणि कोणत्या केंद्रावर आत खेचणारा आहे, यावरून खडक कोणत्या दिशेने सरकला आणि भूकवचावर ताण कोणत्या दिशेने होता, याचा अंदाज बांधता येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात खडक भ्रंशालगत मुख्यतः आडवे सरकले होते, हे आलेखांवरूनच स्पष्ट झाले. त्या भूकंपाने धरणाला तडे गेले आणि दीडशेहून अधिक बळी गेले. धरणांच्या भूकंपसुरक्षेचा प्रश्न देशापुढे ठळकपणे आला तो तेव्हापासून.

ओल्डहॅम यांचे १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये निधन झाले. त्यांच्या काळातील फेरमोजणीच्या आधारे २००१ मध्ये संशोधकांनी शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखाली दडलेला भ्रंश मांडला आणि त्याला ओल्डहॅम यांचे नाव दिले. त्याच्या स्वरूपाविषयी मतभेद असले, तरी शतकापूर्वीच्या काटेकोर नोंदींशिवाय ही चर्चाच संभवली नसती.