शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (जन्म : १८६४) हे मुंबईतील संस्कृतचे अभ्यासक व विमानविद्येचे हौशी संशोधक होते. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मनुष्यविरहित विमान उडविले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात प्रचलित आहे. या उड्डाणाचा समकालीन, विश्वसनीय पुरावा आजवर उपलब्ध झालेला नाही.

तळपदे यांचा जन्म मुंबईतील चिराबाजार भागात पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट या कलाशाळेशी त्यांचा संबंध होता. तेथील शिक्षक चिरंजीलाल वर्मा यांच्यामुळे ते स्वामी दयानंद सरस्वती यांच्या ग्रंथांकडे वळले. आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये मुंबईतच झाली होती. दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथात नौका व विमाने यांवर स्वतंत्र प्रकरण असून, वेदमंत्रांत यंत्रविद्येची बीजे आहेत असे त्यात प्रतिपादन केले आहे. ते वाचून मंत्रांचा अर्थ लावत बसण्याऐवजी तळपदे यांनी प्रत्यक्ष यंत्र बांधण्याचा ध्यास घेतला, हे त्यांचे वेगळेपण होय. ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले.

मरुत्सखाची आख्यायिका

मरुत्सखा सुमारे १,५०० फूट उंच गेले व खाली कोसळले, त्या वेळी महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे उपस्थित होते, असे सांगितले जाते. पुढे ब्रिटिश सरकारच्या दडपणामुळे मदत थांबली, अशी पुस्तीही जोडली जाते. हा तपशील मुख्यतः बऱ्याच नंतरच्या लेखनातून आला आहे. यंत्र बांबूचे असून सूर्यप्रकाशाने पाऱ्यातून हायड्रोजन निघत असे, हे वर्णन तर रसायनशास्त्राशी विसंगत आहे. पारा हे मूलद्रव्य आहे. त्यातून दुसरे मूलद्रव्य असे निघत नाही. शिवाय तो पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड असतो.

याच काळातील दुसरे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे मनुष्यविरहित विमान पोटोमॅक नदीवर उडाले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ते पाहिले व त्याचे छायाचित्रही घेतले. उलट त्याच वर्षाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात आकाशात गूढ हवाईजहाजे दिसल्याच्या बातम्या सुरू झाल्या. कोणा अज्ञात संशोधकाचे ते गुप्त यंत्र असावे, असा तर्क झाला, पण यंत्र कधीच सापडले नाही. पुढे १९४७ नंतर उडत्या तबकड्यांबाबतही गुप्त प्रायोगिक विमानांचा असाच तर्क झाला. मात्र रॉझवेल येथील अवशेष गुप्त ‘मोगल’ प्रकल्पाच्या बलूनचे होते, असा निष्कर्ष अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये मांडला तेव्हा त्याला कागदपत्रांचा आधार होता. मरुत्सखाबाबत तसा आधार अद्याप कोणी पुढे आणलेला नाही.

सुब्बराय शास्त्री व ‘वैमानिक शास्त्र’

तळपदे यांनी महर्षी भारद्वाजांच्या ‘वैमानिक शास्त्रा’वरून विमान बांधले, हे विधान कालक्रमात बसत नाही. हा ग्रंथ कर्नाटकातील आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. तळपदे यांचे निधन त्यापूर्वी, पहिले महायुद्ध चालू असतानाच झाले होते.

दोघांचा परिचय मात्र होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची तपासणी केली. त्यातील विमाने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकातील आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी काही प्रतिकृती करून पाहिल्या, पण एकही उडू शकली नाही, अशी नोंदही त्यांनी केली आहे. तळपदे यांच्या प्रयोगांविषयीचा हाच त्यातल्या त्यात भरवशाचा दुवा म्हणावा लागेल. तो अपयशाचा असल्याने सहसा सांगितला जात नाही. वास्तविक, तुटपुंज्या साधनांनिशी प्रयोग करणाऱ्या माणसाची खरी ओळख त्यातूनच पटते.

लोकप्रिय माध्यमांत

त्यांच्या जीवनावर आधारित ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात तळपदे यांची भूमिका आयुष्मान खुराना यांनी केली.