परळच्या चाळीतून उच्च न्यायालयात : बॅरिस्टर आंबेडकरांची पहिली वर्षे

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या वसतिगृहातील लहान मुलालाही मुखोद्गत असते. महूचा जन्म, साताऱ्याची शाळा, कोलंबिया, महाड, नाशिक, पुणे करार, संविधान, नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आपण दर जयंतीला ऐकतो. मात्र त्यांनी पोटापाण्यासाठी जो व्यवसाय पत्करला, त्या वकिलीच्या आरंभीच्या वर्षांविषयी फारसे बोलले जात नाही. बॅरिस्टर होऊन आले एवढे सांगून वक्ता थेट चवदार तळ्याकडे वळतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण उद्या कायद्याच्या शिक्षणासाठी मोठ्या शहरात जाणार आहेत. म्हणून त्या मधल्या वर्षांची हकीकत या स्मरणिकेत सविस्तर यावी असे वाटले.

या हकीकतीचा आरंभ मुंबईत होत नाही, बडोद्यात होतो. सयाजीराव गायकवाड महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेस धाडले होते आणि शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून ते परतले. युद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते बुडाले आणि मोठ्या कष्टाने जमविलेले ग्रंथ समुद्रात गेले. सामानाच्या नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हाती आले, त्यांतूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला. पुस्तके बुडाल्याच्या पैशातून नोकरीच्या गावी जावे लागावे, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे.

बडोद्यात नोकरी होती, परंतु राहायला जागा नव्हती. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राच्या घरीही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. कोलंबिया विद्यापीठातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या तरुणाला त्या शहरात एक खोली मिळू शकली नाही. या प्रसंगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. नोकरदाराला वरिष्ठाच्या मर्जीबरोबर शेजाऱ्याची आणि घरमालकाचीही मर्जी सांभाळावी लागते, हे त्यांनी बडोद्यात प्रत्यक्ष भोगले. पुढे त्यांनी स्वतंत्र व्यवसायाचा मार्ग धरला त्याची मुळे या अनुभवात असावीत, असे मला वाटते.

मुंबईत परतल्यावर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. तेथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावरून काहींनी हरकत घेतलीच. पगारातून काटकसरीने शिल्लक टाकून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ग्रेज इन या संस्थेतून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस आले.

मुंबई त्यांना परकी नव्हती. वडील रामजी सुभेदार कुटुंब घेऊन साताऱ्याहून येथे आले होते. एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेज यांतच त्यांचे शिक्षण झाले होते. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत रमाबाई, यशवंत, दिवंगत थोरल्या बंधूंची पत्नी लक्ष्मीबाई व त्यांचा मुलगा मुकुंद असा संसार होता. गिरणगावची ही मुंबई त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. परंतु फोर्टातील, उच्च न्यायालयाच्या दगडी इमारतीभोवतालची मुंबई हे निराळेच शहर होते. तेथे नाव चालायचे, घराणे चालायचे, ओळखीपाळखी चालायच्या. परळहून निघणारी ट्राम फोर्टात पोहोचे. मात्र परळच्या माणसाला तेथील व्यवसायात जागा मिळवून देणे ट्रामच्या हातचे नव्हते.

पहिली अडचण सनदेची. उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी सनद काढावी लागे आणि तिची फी भरण्याइतके पैसे या बॅरिस्टराजवळ नव्हते. पुन्हा नवल भथेना धावून आले. १९२३ च्या जुलैमध्ये सनद मिळाली आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी आपली कचेरी थाटली.

दुसरी अडचण पैशाने सुटणारी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज दोन बाजूंनी चाले. मूळ शाखेत शहरातील मोठमोठे व्यापारी दावे येत. तेथे पक्षकाराने आधी सॉलिसिटराकडे जायचे, सॉलिसिटराने कागद तयार करून बॅरिस्टरास नेमायचे आणि बॅरिस्टराने न्यायासनापुढे बाजू मांडायची, अशी पद्धत होती. म्हणजे बॅरिस्टर कितीही बुद्धिमान असला तरी सॉलिसिटराने काम दिल्यावाचून त्याला तोंड उघडण्याची सोय नव्हती. मुंबईच्या सॉलिसिटरांनी या तरुण बॅरिस्टराकडे पाठ फिरविली. अस्पृश्यतेचा कलंक येथे काठी घेऊन दाराशी आला नाही. तो काम न देण्याच्या शिष्टाचारातून आला. माझ्या मते हा प्रकार बडोद्याहून अधिक कठीण होता. कारण हाकलून देणारा माणूस दिसतो, टाळणारा दिसत नाही.

म्हणून त्यांनी अपील शाखेकडे लक्ष वळविले. जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या अपिलांच्या या शाखेत सॉलिसिटराची मध्यस्थी लागत नसे. पक्षकार स्वतः वकिलापर्यंत येऊ शकत असे. मुंबईबाहेरच्या न्यायालयांतील कामेही ते घेऊ लागले. फी थोडी आणि प्रवास फार, असा तो व्यवसाय होता. गोरगरिबांची कामे ते पुष्कळदा विनामूल्य करीत. घरखर्चाचा मेळ बसावा म्हणून १९२५ पासून सुमारे तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत त्यांनी व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या नावामागे असलेला हा माणूस हिशेबनिसांच्या वर्गावर शिकवून घर चालवीत होता. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याचे कोठे दिसत नाही.

आश्चर्य याचे वाटते की, स्वतःचे बस्तान बसण्यापूर्वीच त्यांनी इतरांच्या बस्तानाची चिंता वाहिली. १९२४ च्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड हे मुंबईतील नामवंत कायदेपंडित होते आणि सभेची कचेरीही त्याच दामोदर हॉलमध्ये होती. या सभेच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापूर येथे उघडलेले विद्यार्थी वसतिगृह होय. बडोद्यात ज्यांना खोली मिळाली नाही, त्यांनी सनद घेतल्याला दोन वर्षेही झाली नसताना दुसऱ्यांच्या मुलांसाठी छप्पर उभे केले. आपण ज्या छपराखाली ही स्मरणिका वाचत आहोत त्याची वंशावळ तेथपर्यंत जाते.

व्यवसायात त्यांचे नाव प्रथम गाजले ते पुण्यात. दिनकरराव जवळकर यांच्या देशाचे दुश्मन या पुस्तकाने मोठे वादळ उठविले होते. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती. जवळकर, केशवराव जेधे आणि इतरांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला व खालच्या न्यायालयात त्यांना शिक्षा झाली. त्यावरील अपील बाबासाहेबांनी चालविले. १९२६ च्या जुलैमध्ये त्यांचा लाडका मुलगा राजरत्न वारला होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, हे अपील त्यांनी जिंकले आणि आरोपी निर्दोष सुटले. पुण्यासारख्या शहरात, कसलेल्या वकिलांसमोर मिळालेले हे यश सॉलिसिटरांच्या शिफारशीने आलेले नव्हते.

पुढे १९३४ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हाही कर्व्यांची बाजू मांडण्यास तेच उभे राहिले. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय दृष्टीने लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. तो खटला ते हरले. जिंकलेल्या खटल्याइतकाच हा हरलेला खटलाही सांगितला पाहिजे, कारण लोकप्रियता गमवावी लागेल हे दिसत असताना त्यांनी तो घेतला होता.

त्यांच्या वकिलीतील सर्वांत लांबलेल्या दाव्यात मात्र ते स्वतः प्रतिवादी होते. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली. इतक्यात महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी तळे खाजगी असल्याचा दावा दाखल करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो लोक महाडला जमले होते, तळ्यावर जाण्याचा आग्रह तीव्र होता. पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तळ्यावर न जाण्याचा निर्णय परिषदेने बाबासाहेबांच्या सल्ल्याने घेतला. काहींना तेव्हा तो माघारीसारखा वाटला असेल. ज्या न्यायव्यवस्थेच्या उंबऱ्यावर आपल्याला चार वर्षे ताटकळत ठेवले गेले, तिच्याच हुकुमाचा मान राखण्यासाठी जमलेल्या समुदायाला थोपवून धरणे हे सोपे काम नव्हते. मनाईहुकूम दोन महिन्यांत उठला, दावा मात्र चालूच राहिला. महाड, मग ठाण्याचे जिल्हा न्यायालय, मग मुंबईचे उच्च न्यायालय, असा त्याचा प्रवास झाला.

दरम्यान परिस्थिती पालटली होती. १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. चाळीतील दोन खोल्या सोडून दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या राजगृहात ते राहण्यास गेले. ग्रंथांना प्रशस्त जागा मिळेल अशा बेताने ते घर बांधले होते. ज्यांनी उपासमारीचे दिवस सोबत काढले त्या रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच, जूनच्या आरंभी, बाबासाहेबांनी विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. मुंबईच्या ज्या वकीलवर्गाने त्यांना एकेकाळी टाळले, त्याची पुढची पिढी आता त्यांच्याकडे कायदा शिकू लागली.

ते प्राचार्यपदावर असतानाच, १७ मार्च १९३७ रोजी, महाडच्या दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाने दिला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे ठरवून न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. दावा दाखल झाल्याला तेव्हा नऊ वर्षे आणि तीन महिने झाले होते.