पराभवाचीही कथा सांगणारे हरिभाऊ

देवळाली कॅम्पसारख्या तोफखान्याच्या गावातही वाचनालयातून ऐतिहासिक कादंबरी नेणारा शिक्षक वा कारकून बहुधा विजयाचीच कथा मागतो. मराठीत ही आवड रुजविणाऱ्या हरि नारायण आपटे यांचे लेखन मात्र याहून अधिक काही देते. १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे जन्मलेल्या हरिभाऊंना महाविद्यालयात जाऊनही पदवी मिळाली नाही. गणिताने वाट अडविली. पुढे पुण्यात आनंदाश्रमाची व्यवस्था सांभाळीत त्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि क्रमशः कादंबऱ्या देऊन सामान्य वाचक घडविला. ‘उषःकाल’मध्ये त्यांनी स्वराज्याची पहाट रंगविली, उत्तरायुष्यात ‘वज्राघात’मध्ये मात्र १५६५ सालच्या विजयनगरच्या विनाशाकडे ते वळले. १९१९ साली ते निवर्तले. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या वाचकाने पहिल्या कादंबरीबरोबर दुसरीही आवर्जून मागून घ्यावी. राज्ये कशी उभी राहतात याइतकेच ती का कोसळतात, हेही जाणले पाहिजे. केवळ विजयकथांवर पोसलेला इतिहासाभिमान पहिल्याच पराभवात खचतो.